बापाचा धंदा, पोराचा गुन्हा: कम्युनिस्ट चीनमधल्या व्यापारी घरांचं काय झालं?

चीनमध्ये २० मे २०२५ पासून 'खासगी अर्थव्यवस्था प्रोत्साहन कायदा' लागू झाला. एकूण ७८ कलमं. खासगी कंपन्यांना सरकारी कंपन्यांच्या बरोबरीने वागवा, त्यांची बिलं थकवू नका, मनाला येईल तसा दंड ठोकू नका, असा त्याचा एकंदर सूर आहे. त्याआधी तीन महिने, १७ फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनी देशातल्या बड्या उद्योजकांना बैठकीला बोलावलं होतं. चार-पाच वर्षं सरकारच्या मर्जीतून उतरलेले अलीबाबाचे जॅक मा तिथे पहिल्या रांगेत दिसले आणि तेवढ्या एका दृश्यावर शेअर बाजाराचे पंडित दिवसभर बोलत राहिले.

आपल्याकडे ही बातमी वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो. चिनी सरकारच्याच सांगण्याप्रमाणे तिथलं साठ टक्क्यांहून जास्त राष्ट्रीय उत्पन्न आणि शहरांतल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त नोकऱ्या खासगी क्षेत्रातून येतात. मग 'आम्ही तुम्हाला नीट वागवू' हे २०२५ मध्ये कायदा करून का सांगावं लागतं? धंदेवाल्यांना एवढी कसली धास्ती आहे?

नुसती कलमं वाचून याचं उत्तर मिळत नाही. १९४९ नंतर दुकानदाराच्या, गिरणीमालकाच्या, फेरीवाल्याच्या घरात जी मुलं वाढली त्यांनी काय पाहिलं, तिथपासून सुरुवात करावी लागते.

कम्युनिस्टांचं दुकानदाराशी वाकडं कशासाठी?

मार्क्सचं म्हणणं थोडक्यात असं. कामगार दिवसभरात जेवढ्या किमतीचा माल तयार करतो त्यातला एक भाग त्याला मजुरी म्हणून मिळतो, बाकीचा मालक ठेवून घेतो. हा जो मागे उरलेला भाग, त्याला मराठीत 'वरकड मूल्य' म्हणतात. मार्क्सच्या मते मालकाची सगळी श्रीमंती यातूनच येते, म्हणून मालक हा शोषक. हे पटो न पटो, गिरणीमालकाच्या बाबतीत निदान समजतं तरी. पण बायको-पोरांना हाताशी धरून तेल-मीठ विकणाऱ्याचं काय? तो कोणाचं वरकड मूल्य खातो? इथे सिद्धांत जरा अडखळतो, आणि चीनमधला सगळा घोळ याच अडखळण्यात झाला.

१९४९ साली माओच्या पक्षाने यावर व्यवहारी तोडगा काढला होता. आधीच्या च्यांग काय-शेकच्या राजवटीशी साटंलोटं असलेले बडे भांडवलदार शत्रू. त्यांची मालमत्ता जप्त. बाकीचे 'राष्ट्रीय भांडवलदार', म्हणजे देशी गिरण्या, कारखाने, पेढ्या चालवणारे, हे तूर्तास मित्र. चीनच्या झेंड्यावर मोठ्या ताऱ्याभोवती जे चार छोटे तारे आहेत, त्यांचा मूळ अर्थ कामगार, शेतकरी, छोटे व्यावसायिक आणि राष्ट्रीय भांडवलदार असा सांगितला जातो. म्हणजे भांडवलदार थेट झेंड्यावर! १९५४ च्या राज्यघटनेच्या दहाव्या कलमात तर भांडवलदारांच्या मालकी हक्काला कायद्याचं संरक्षण असल्याचं लिहिलं होतं. ते संरक्षण प्रत्यक्षात दीड वर्षही टिकलं नाही, हे पुढे येईलच.

मालकी गेली, आणि मिरवणूकही काढावी लागली

पहिला दणका १९५२ मध्ये बसला. 'पाच-विरोधी' मोहीम. लाचखोरी, करचुकवेगिरी, सरकारी मालाची चोरी, सरकारी कंत्राटात फसवाफसवी आणि सरकारी आर्थिक माहिती चोरणं, हे ते पाच गुन्हे. आता हे गुन्हे घडत नव्हते असं कोणी म्हणणार नाही. कुठल्या व्यापारी शहरात घडत नाहीत? पण मोहिमेची पद्धत अशी होती की सगळे आधी गुन्हेगार, मग ज्याने त्याने आपला गुन्हा शोधून कबूल करायचा. नोकरांनी मालकाविरुद्ध सभेत उभं राहून बोलायचं. बायकोने नवऱ्याला आणि मुलांनी बापाला 'कबूल करा, मोकळे व्हा' म्हणून गळ घालायची. शांघायमध्ये त्या काही महिन्यांत अनेक व्यापाऱ्यांनी आत्महत्या केल्या.

घरातल्या मुलाच्या जागी उभं राहून पाहा. काल ज्या बापाच्या हातात गल्ल्याची किल्ली होती, तो आज दिवाणखान्यात बसून स्वतःच्या अपराधांची यादी लिहितोय आणि ती पुरेशी लांब नाही म्हणून परत येतेय.

दुसरा दणका जानेवारी १९५६ चा. खासगी उद्योग सावकाश, पंधरा वर्षांच्या टप्प्यात सरकारी करायचे असं आधी ठरलं होतं. प्रत्यक्षात काही आठवड्यांत उरकलं. १५ जानेवारीला बीजिंगच्या त्येनआनमेन चौकात दोन लाखांवर लोक जमले आणि शहरातल्या व्यापाऱ्यांच्या वतीने माओला 'आनंदाची खबर' देण्यात आली की आमचे सगळे धंदे आता 'सरकारी-खासगी संयुक्त' झाले. ती खबर देणारा माणूस होता तोंगरेनतांग या १६६९ पासून चालत आलेल्या औषधांच्या पेढीचा मालक. २० जानेवारीला शांघाय. महिनाअखेरीपर्यंत बहुतेक मोठी शहरं. सगळीकडे ढोल, झांजा, फटाके, लाल कापडं. मालकी गेल्याची मिरवणूक मालकांनीच काढायची, हा प्रकार मला तरी त्या सगळ्या इतिहासातला सर्वात क्रूर वाटतो. मारहाण नाही, जप्ती नाही. फक्त हसतमुखाने सही करायची.

मोबदला काय? सरकारने धंद्याचं मूल्य ठरवलं आणि त्यावर दरसाल ५ टक्के ठरावीक व्याज द्यायला सुरुवात केली. धंदा नफ्यात असो की तोट्यात. आधी सात वर्षांसाठी, मग मुदत वाढवून. गिरणीमालकाला यातून भरपूर पैसा मिळत राहिला, शिवाय जुना भरभक्कम पगारही चालू ठेवला गेला. पण एखाद्या दुकानाचं मूल्य २०० युआन ठरलं असेल तर त्या कुटुंबाच्या हातात वर्षाला १० युआन. आणि या दहा युआनांपायी कपाळावर शिक्का: व्याज खाणारा, म्हणजे भांडवलदार.

१९६६ च्या सप्टेंबरात हे व्याजही बंद झालं. शिक्का मात्र राहिला.

फॉर्मवरचा तो एक रकाना

धंदा गेला, इथवर समजतं. जगात इतरत्रही राष्ट्रीयीकरणं झाली आहेत. चीनमधलं वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. तिथे प्रत्येक नागरिकाच्या कागदपत्रांत 'कौटुंबिक मूळ' असा एक रकाना असे. त्यात १९४९ च्या आसपास तुमचं घर काय करत होतं ते लिहायचं: कामगार, गरीब शेतकरी, नोकरदार, छोटा व्यावसायिक, भांडवलदार, जमीनदार. हा रकाना वडिलांकडून मुलांकडे यायचा. नियमाने फक्त बापाचा धंदा बघायचा, व्यवहारात आजोबाचाही निघायचा. १९५८ साली जन्मलेल्या मुलीने आयुष्यात दुकानाचं शटर वर जाताना पाहिलेलं नसे. तिचा बाप तिच्या जन्माआधीच सरकारी पगारावरचा नोकर झालेला. तरी तिच्या नावापुढे 'भांडवलदार'.

आपल्याला हे समजायला शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा जातीचा रकाना आठवला तरी पुरे. ज्या पक्षाने 'वर्ग' ही जन्मावर नाही तर उत्पादनातल्या स्थानावर ठरणारी गोष्ट आहे असं शिकवलं, त्याच पक्षाच्या राज्यात वर्ग बापाकडून पोराकडे जाऊ लागला. लग्न जुळवतानासुद्धा तो बघितला जायचा. 'लाल', म्हणजे कामगार-शेतकऱ्याच्या घरातला मुलगा 'काळ्या', म्हणजे शिक्का बसलेल्या घरातली मुलगी करायला कचरायचा, कारण पुढच्या पोरांचे फॉर्म त्यालाच भरायचे होते.

या रकान्याने काय काय अडायचं? पक्षाच्या युवक संघटनेचं सदस्यत्व. सैन्यभरती. चांगलं कॉलेज, आणि काही वर्षी कुठलंच कॉलेज. कारखान्यातली बरी नोकरी. अधिकृत धोरण मात्र गोड शब्दांत होतं: मूळ महत्त्वाचं आहे, पण तेच सर्वस्व नाही, भर तुमच्या वागण्यावर. म्हणून व्यापाऱ्यांच्या मुलांना आपलं वागणं सिद्ध करत राहावं लागायचं, आणि ते सिद्ध करण्याचा राजमार्ग म्हणजे बापाशी 'सीमारेषा आखणं'. युवक संघटनेच्या अर्जासोबत आत्मवृत्त जोडायचं. त्यात माझ्या वडिलांनी किती नोकर ठेवले, त्यांना कसं पिळलं, लहानपणी मी त्या पैशावर कसले कपडे घातले आणि आज मला त्याची कशी लाज वाटते, हे सविस्तर लिहायचं. पंधरा-सोळा वर्षांची पोरं हे लिहीत होती. संध्याकाळी त्याच बापासमोर जेवायला बसत होती.

१९६६ मध्ये माओने 'सांस्कृतिक क्रांती', म्हणजे जुनं सगळं मोडून काढायची मोहीम, सुरू केली आणि गोड शब्दही गेले. बीजिंगच्या शाळांमधून एक जोडओळ फिरू लागली: बाप वीर तर पोरगा मर्द, बाप प्रतिगामी तर पोरगा हरामखोर. रेड गार्डांच्या, म्हणजे माओभक्त विद्यार्थ्यांच्या, टोळ्या व्यापाऱ्यांच्या घरात घुसल्या. दागिने, पुस्तकं, पियानो बाहेर आले, बँकेतल्या ठेवी गोठल्या, घरांत दुसरी कुटुंबं राहायला आली. दहा वर्षांपूर्वी माओला आनंदाची खबर देणारा तोंगरेनतांगचा मालक १९६८ मध्ये छळानंतर मेला. १९६८ च्याच सुमारास या घरांतल्या मुलांसाठी एक सरकारी शब्दप्रयोग आला: 'सुधारता येण्याजोगी मुलं'. त्यातल्या दयाळूपणावर वेगळं काही बोलायला नको.

याविरुद्ध एकाने उघडपणे लिहिलं. यू लुओके, बीजिंगमधला एक शिकाऊ कामगार. त्याच्या आई-वडिलांना १९५७ मध्ये 'उजवे', म्हणजे पक्षविरोधी, ठरवलं गेलं होतं, त्यामुळे अभ्यासात हुशार असूनही त्याला विद्यापीठात जागा मिळाली नव्हती. जन्मावरून माणसाची परीक्षा करणं हे खुद्द मार्क्सवादाच्याच विरोधात आहे, असं मांडणारा त्याचा लेख जानेवारी १९६७ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका छोट्या वर्तमानपत्रात छापून आला आणि हातोहात खपला. वर्षभरात त्याला अटक झाली. ५ मार्च १९७० रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी, त्याला गोळी घातली.

'पण त्यांनी कामगारांना पिळलंच होतं ना?'

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाऊ नये. १९४९ पूर्वीच्या शांघायच्या गिरण्यांत लहान मुलींना मुकादमाकडे करारावर विकल्यासारखं कामाला लावलं जायचं, बारा-बारा तासांच्या पाळ्या असायच्या. त्या मुलींच्या घरच्यांना मालकांचा राग का आला हे सांगायला मार्क्सची गरज नाही. आणि हेही खरं की १९६६ पर्यंत शांघायमधले काही भांडवलदार व्याजावर आणि पगारावर त्यांच्या जुन्या कामगारांपेक्षा कितीतरी आरामात जगले.

पण शिक्का बसलेले सगळे असे होते का? याचं उत्तर खुद्द चिनी सरकारने दिलं. १९७९ मध्ये पक्षाने १९५६ ची प्रकरणं पुन्हा तपासायचं ठरवलं. भांडवलदार म्हणून नोंदलेल्या सुमारे ८ लाख ६० हजार जणांपैकी जवळपास ७ लाख माणसं छोटे दुकानदार, फेरीवाले आणि कारागीर निघाली, म्हणजे मुळात श्रमजीवीच. दहातले आठ! न्हावी, शिंपी, भजी तळणारे, टोपल्या घेऊन फिरणारे. घाईघाईत मिरवणूक निघाली तेव्हा ही माणसंही त्यात ओढली गेली आणि तेवीस वर्षं त्यांच्या पोरांनी फॉर्मवर 'भांडवलदार' लिहिलं.

त्याच १९७९ च्या जानेवारीत, माओनंतर देशाची सूत्रं हाती आलेल्या तंग श्याओफिंग यांनी पाच वयोवृद्ध उद्योगपतींना बोलावून चर्चा केली आणि हॉटपॉटचं जेवण घातलं. त्यांत होते पीठ आणि कापडगिरण्यांच्या प्रसिद्ध घराण्यातले रोंग यीरेन, ज्यांना रेड गार्डांनी मारहाण केली होती. तंग यांचं म्हणणं साधं होतं: पैसा पडून राहू देऊ नका, माणसं पडून राहू देऊ नका. जप्त ठेवी परत मिळू लागल्या. त्याच ऑक्टोबरात रोंग यांनी सिटिक ही सरकारी गुंतवणूक कंपनी उभारली. १९९३ मध्ये ते देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे ज्याच्याकडून गिरण्या घेतल्या त्यालाच 'आता भांडवल कसं आणायचं ते आम्हाला शिकवा' म्हणायची पाळी आली. मोठ्यांचं असं पुनर्वसन झालं. छोट्यांना पुन्हा फुटपाथवरून सुरुवात करायची होती.

आठवा नोकर ठेवला की भांडवलदार

सुरुवात झाली ती तत्त्वासाठी नाही, बेकारीमुळे. १९६८ पासून खेड्यात धाडलेली सुमारे १ कोटी ७० लाख शहरी मुलं परत येऊ लागली होती आणि सरकारी कारखान्यांत जागा नव्हत्या. तेव्हा सरकारने म्हटलं, बरं, स्वतःच्या हिमतीवर काहीतरी करा. १९७८ अखेर सबंध देशातल्या शहरांत अधिकृत वैयक्तिक व्यावसायिक जेमतेम दीड लाख उरले होते. त्यांना 'गतिहू' म्हणत: एकट्याचा, घरचा धंदा.

वेंझोऊ नावाच्या बंदराच्या शहरात झांग हुआमेई ही सात भावंडांतली धाकटी मुलगी घराच्या दारात टेबल मांडून बटणं, खेळणी, घड्याळाचे पट्टे असलं किरकोळ सामान विकत होती. लपूनछपून, कारण 'सट्टेबाजी आणि नफेखोरी' हा तेव्हा फौजदारी गुन्हा होता आणि स्वस्तात घेऊन महाग विकणं एवढंही त्यात बसवता यायचं. तपासनीस आले की टेबल आत. नंतरच्या मुलाखतींत तिने सांगितलंय की ओळखीतले लोक, शाळेतल्या मैत्रिणी समोरून जाताना मान वळवायच्या. विकण्याची लाज विकणाऱ्यापेक्षा बघणाऱ्यांनाच जास्त. ११ डिसेंबर १९८० रोजी तिला परवाना मिळाला, क्रमांक १०१०१. चीनमधला पहिला गतिहू परवाना म्हणून तो आज ओळखला जातो. पुढे ती बटणांचीच घाऊक व्यापारी झाली.

परवाना मिळाला, पण किती मोठं व्हायचं? इथे मार्क्सचं गणित परत आलं. 'भांडवल'च्या पहिल्या खंडात त्याने एक उदाहरण मांडलंय: मालकाला कामगाराच्या दुप्पट चांगलं जगायचं असेल आणि निम्मा नफा पुन्हा धंद्यात घालायचा असेल तर आठ कामगार लागतील. या उदाहरणावर बोट ठेवून चिनी अर्थतज्ज्ञांनी सीमारेषा काढली. दोन मदतनीस आणि पाच शिकाऊ, एकूण सात नोकर, इथपर्यंत तुम्ही कष्टकरी. आठवा ठेवलात की शोषक. शंभर वर्षांहून जुन्या पुस्तकातली आकडेमोड आणि त्यावर चहावाल्याचा धंदा वैध की अवैध हे ठरणार!

आन्हुई प्रांतातल्या वूहू शहरात नियान ग्वांगजिऊ हा निरक्षर माणूस भाजलेल्या कलिंगडाच्या बिया विकायचा. बाप फळविक्या, पोरगा लहानपणापासून त्याच टोपलीपाशी वाढलेला. १९६३ मध्ये नफेखोरीच्या गुन्ह्याखाली एक वर्ष तुरुंग, १९६६ मध्ये परत आत. बाहेर आला की पुन्हा बिया. गिऱ्हाइकाला मोजून दिल्यावर वर एक मूठ जास्त टाकायचा म्हणून लोक त्याला 'खुळा' म्हणत. त्याने तेच नाव ब्रँडला दिलं, 'खुळ्याच्या बिया'. १९८० च्या सुरुवातीला त्याच्याकडे डझनभर नोकर झाले, मग शंभरावर. झालं, हा आता भांडवलदार की काय? स्थानिक अधिकाऱ्यांना कळेना. प्रकरण वर वर जात तंग यांच्यापर्यंत पोचलं आणि १९८४ मध्ये त्यांनी सांगितलं, दोन वर्षं राहू द्या, मग बघू. याला हात लावला तर लोक घाबरतील, धोरण बदललं म्हणतील.

हे वाक्य धंदेवाल्यांच्या घरांत फार नीट ऐकलं गेलं असणार. देशातल्या सर्वात मोठ्या माणसाला एका बियावाल्यासाठी बोलावं लागतं, म्हणजे संरक्षण नियमाचं नव्हतं, शब्दाचं होतं. आणि झालंही तसंच. वातावरण बदललं तसं १९८९ मध्ये नियानला पुन्हा धरलं. पैशांचा आरोप टिकेना म्हणून १९९१ मध्ये बायकांशी अनैतिक संबंधांच्या गुन्ह्याखाली शिक्षा ठोठावली. १९९२ मध्ये दक्षिण चीनच्या दौऱ्यात तंग यांनी पुन्हा त्याच्या बियांचा उल्लेख केला आणि गडी सुटला.

नियान एकटा नव्हता. वेंझोऊजवळच्या लिऊशी गावात विजेचे स्विच, स्क्रू, कॉइल असल्या सामानाचा धंदा करून आठ जण पैसेवाले झाले होते. लोक त्यांना 'स्क्रूचा राजा', 'कॉइलचा राजा' म्हणत. १९८२ च्या आर्थिक गुन्हेविरोधी मोहिमेत हेच आठ राजे सरकारने लक्ष्य केले. काहींना अटक झाली, काही परागंदा झाले. 'लोखंडी सामानाचा राजा' तर दोनेक वर्षं मुलूखभर लपत फिरला. १९८४ मध्ये सगळे निर्दोष ठरले. तोवर गावातल्या प्रत्येक घरात शिकवणूक पोचली होती: कमवा, पण दिसू देऊ नका. आणि शक्य तर 'लाल टोपी' घाला. म्हणजे धंदा आपला, पण नोंदणी गावच्या सामूहिक उद्योगाच्या नावावर. त्या बदल्यात पंचायतीला वर्षाला ठरावीक रक्कम. पुढे धंदा वाढल्यावर तो खरा कोणाचा यावरून कज्जे झाले ते वेगळंच.

सातची मर्यादा १९८७ मध्ये सुटली. १९८८ मध्ये घटनादुरुस्तीने 'खासगी अर्थव्यवस्था' हे शब्द कायदेशीर झाले.

'परवाना राज तर आपल्याकडेही होतं'

होतं की. १९५१ च्या कायद्यापासून १९९१ पर्यंत कारखान्याची क्षमता वाढवायलाही दिल्लीची परवानगी लागायची आणि आपल्याकडच्या उद्योजकांच्या आठवणींत उद्योग भवनाच्या खेपा भरपूर आहेत. पण परवाना नाकारला तर कारखाना अडायचा. मालकाच्या मुलीचं मेडिकलचं ॲडमिशन त्यापायी अडत नव्हतं. मालक कोर्टात जाऊ शकत होता, वर्तमानपत्रात सरकारला शिव्या घालू शकत होता. दोन्हीला एकच नाव देणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

तुलना करायचीच तर पूर्व युरोपशी करावी. पूर्व जर्मनीने उरलेसुरले सुमारे ११ हजार खासगी आणि अर्धसरकारी कारखाने थेट १९७२ मध्ये ताब्यात घेतले. तिथेही शाळेच्या हजेरीपुस्तकात मुलाच्या नावापुढे त्याचं सामाजिक मूळ दाखवणारं अक्षर असायचं आणि उच्च शिक्षणात कामगारांच्या मुलांना आधी जागा मिळायची. हंगेरी मवाळ होती. १९८२ पासून तिथे छोट्या खासगी गटांना उघडपणे काम करता येऊ लागलं.

धंदा रक्तात असतो का?

हंगेरीच्या त्या छोट्या उद्योजकांचा समाजशास्त्रज्ञ इव्हान सेलेनी यांनी अभ्यास केला. त्यांना दिसलं की १९८० च्या दशकात शेतीपूरक धंद्यात जी घरं पुढे आली, त्यांतली बरीच कम्युनिस्ट सत्तेच्या आधीही त्याच वाटेवर होती. मधली तीसेक वर्षं ही माणसं कुठेतरी नोकऱ्या करत थांबली होती.

चीनबद्दल अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने २०२० मध्ये असंच काहीसं दाखवलं. क्रांतीपूर्वीच्या सधन घरांच्या, मुख्यतः जमीनदार आणि श्रीमंत शेतकऱ्यांच्या, नातवंडांचं उत्पन्न इतरांपेक्षा साधारण १६ टक्के जास्त निघालं, शिक्षणही जास्त. जमीन गेलेली, पैसा गेलेला, मधल्या पिढीला तर मुद्दाम मागे ठेवलेलं. तरी तिसऱ्या पिढीत फरक परत आला.

यावरून 'बघा, धंदा रक्तातच असतो' असं म्हणणं म्हणजे १९६६ च्या त्या जोडओळीचीच दुसरी बाजू. रक्ताने काही होत नाही. घरात काय बोललं जातं, याने होतं. हिशेब लिहायची सवय, उधारी कोणाला द्यावी याचा अंदाज, नुकसान झालं तर हातपाय गाळायचे नाहीत हा धडा, मुलांनी शिकलंच पाहिजे हा हट्ट: या गोष्टींची जप्ती करता येत नाही. शिवाय काहींचे नातेवाईक हाँगकाँगला होते हेही विसरू नये. रोंग यांचा मुलगा १९७८ मध्ये तिकडेच गेला आणि मोठा झाला.

पण घरात आणखीही काही बोललं जात होतं, आणि या अभ्यासांत ते मोजलेलं नाही. पैसे एका जागी ठेवू नकोस. मोठं नाव करू नकोस. अधिकाऱ्याशी वाकडं घेऊ नकोस. एखादं मूल परदेशी असू दे.

'आता तर अब्जाधीशच पक्षात आहेत, मग भीती कसली?'

हे खरंय. १ जुलै २००१ च्या भाषणात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष च्यांग झेमिन यांनी खासगी उद्योजकांना पक्षाचं दार उघडलं. २००४ मध्ये घटनेत लिहिलं गेलं की नागरिकांच्या कायदेशीर खासगी मालमत्तेला धक्का लावता येणार नाही. कौटुंबिक मूळ आता फॉर्मवर काही ठरवत नाही. आज श्रीमंताच्या मुलाला चीनमध्ये टोमणे बसतात ते गाडीवरून आणि घड्याळावरून. त्यातला मत्सर आपल्याकडच्यासारखाच.

तरी नोव्हेंबर २०२० मध्ये जॅक मांच्या अँट या ऑनलाइन पैशांचे व्यवहार करणाऱ्या कंपनीची शेअरविक्री, जगातली सर्वात मोठी ठरणार असलेली, सुरू व्हायच्या दोन दिवस आधी थांबवली गेली. जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवणीतून नफा कमवायला बंदी आली आणि अब्जावधी डॉलरच्या कंपन्या काही आठवड्यांत कोलमडल्या. शिकवणीबाबतचं सरकारचं कारण अगदीच खोटं नव्हतं. पालक खरोखर पिचले होते. पण ज्याच्या आजीने १९५६ ची मिरवणूक पाहिली आहे त्या उद्योजकाच्या मनात कारण येत नाही, वेग येतो.

नव्या कायद्याने हाच वेग अडवायचा प्रयत्न केलाय. गेल्या काही वर्षांत चिनी व्यापाऱ्यांची एक मोठी तक्रार होती: तिजोरी रिकामी झालेल्या एखाद्या जिल्ह्याचे पोलिस हजार किलोमीटरवरच्या प्रांतात जाऊन तिथल्या कंपनीच्या मालकाला उचलायचे आणि खाती गोठवायचे. लोक याला 'दूरच्या समुद्रातली मासेमारी' म्हणत. कायद्यात परप्रांतात जाऊन केलेल्या अशा कारवाईवर बंधन आहे, आर्थिक वादाला फौजदारी रूप द्यायला मनाई आहे. कलमं वाचायला चांगली आहेत. ती मोडणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध दाद मागायची ती न्यायालयात, आणि न्यायालयं पक्षाच्या नेतृत्वाखाली चालतात हे त्याच कायद्याच्या चौकटीत गृहीत धरलेलं आहे. वेंझोऊचा एखादा कारखानदार या कायद्याच्या भरवशावर नवं यंत्र घेतो, की त्याच पैशात पोराला सिंगापूरला शिकायला पाठवतो, हे पुढच्या चार-पाच वर्षांतल्या गुंतवणुकीच्या आकड्यांत दिसेल.